चपलांच्या गल्लीतले खोक्यांचे यंत्र

मी एक जुने पुठ्ठा कापण्याचे यंत्र आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल. पण नव्या बुटांचे खोके तर उघडलेच असेल ना? त्या वेळी तुमचे सगळे लक्ष बुटांकडे असते. बूट पायात चढतात आणि खोके कॉटखाली जाते. पण ते खोकेही कुणीतरी कापलेले असते, त्याच्या घड्या कुणीतरी पाडलेल्या असतात. माझे सगळे आयुष्य त्यातच गेले.

माझे अंग ओतीव लोखंडाचे आहे. मला दोन जाड पाट्या आहेत. एक जागची हलत नाही. तिच्यावर लाकडी फळीत ठोकलेल्या पोलादी पात्या बसवतात. दुसरी पाटी उघडते आणि मिटते. ती उघडली की माणूस तिच्यावर पुठ्ठा ठेवतो आणि चटकन हात काढून घेतो. मग ती धप्पकन मिटते. धारदार पात्या पुठ्ठा कापतात, बोथट पात्या घडीच्या रेघा उमटवतात. या उघडझापीमुळे ज्या कारखान्यात मी घडले, तिथल्या कामगारांनी माझे नाव ‘मगर’ ठेवले. तेव्हापासून मी स्वतःला बाईमाणूसच समजत आले आहे. यंत्र म्हटले तरी चालते, मगर म्हटले तरी चालते. हाक कामाची असली म्हणजे झाले.

मला विकत घेतले ते बाबांनी. बाबा म्हणजे ताईचे वडील, आणि ही गोष्ट माझी असली तरी खरी ताईचीच आहे.

बाबांनी मला चपलांच्या गल्लीत, एका तळमजल्याच्या खोलीत आणून बसवले. खोली अरुंद, भाडे मात्र भरपूर. बाबांच्या धाकट्या भावाला ते मुळीच पटले नाही. “गावाबाहेर याच भाड्यात केवढी जागा मिळाली असती, दादा! हे काय मेलं कोंबड्यांचं खुराडं?” असे तो माझ्यासमोरच म्हणाला.

बाबा हसले. “अरे, खोकं म्हणजे काय? चार भिंती आणि आत वारा. तो वारा रोज टेम्पोत भरून इथं आणायचा, त्याचं भाडं तू देणार आहेस का? ज्यांना खोकी लागतात ते इथं आहेत, म्हणून मी इथं.”

आणि खरोखर, लागणारे सगळे तिथेच होते. खाली दुकाने, वर शिलाईची यंत्रे. एका जिन्याखाली तळवे कापणारा बसे, त्याच्या शेजारी बक्कल आणि नाड्यांचे दुकान, कोपऱ्यावर चिकटवायच्या सोल्यूशनचे डबे विकणारा. गल्लीला सदोदित चामड्याचा आणि सोल्यूशनचा वास. एखाद्याकडे बक्कल संपले तर माणूस चप्पलही न घालता पळत जाऊन घेऊन येई.

आमची दोन मोठी गिऱ्हाइके समोरासमोर होती. एका बाजूला बूटवाले काका, दुसऱ्या बाजूला चपलावाले मामा. नाती रक्ताची नव्हती, पण सगळी गल्ली त्यांना काका आणि मामाच म्हणे. दोघांचे एकमेकांशी अजिबात जमत नसे. काकांनी काचेच्या कपाटात दिवे लावले की मामांनी जमिनीपर्यंत पोहोचणारा आरसा आणलाच. काकांनी उसवलेले टाके फुकट घालून द्यायला सुरुवात केली की चार दिवसांत मामांच्या दारावर तीच पाटी. एवढे वाकडे असताना एकाने दुसरीकडे दुकान का थाटू नये, हे मला कळत नसे. गिऱ्हाइकांची मात्र चंगळ होती. ती आधी या दारात बसत, मग त्या दारात, आणि कुठून तरी हसत बाहेर पडत.

खोकी दोघांचीही आमच्याकडेच होत. त्यामुळे कुणाचा कोणता माल खपतो आहे, कोण नवे काय आणणार आहे, हे आमच्या खोलीत सगळ्यात आधी कळे. काका येता येता सहज विचारल्यासारखे विचारत, “समोर सध्या लहान मापाची खोकी बरीच जातात वाटतं?” बाबा कानात बोटे घातल्यासारखा चेहरा करत. पुढे गुडघ्यांनी दगा दिला म्हणून बाबा घरी बसले आणि ताई माझ्यासमोर उभी राहू लागली. तिने हात आणि जीभ दोन्ही जपण्याची त्यांची सवय तशीच पुढे चालवली.

ताई माझ्याशी फार बोलत नसे, पण माझा आवाज ओळखे. “मगर आज कुरकुरतेय गं,” असे ती खळ लावणाऱ्या मावशीला सांगे आणि तेलाची बुधली घेऊन येई. मावशीचे घर मागच्याच गल्लीत होते. दुपारी नातवाला जेवू घालायला ती उठून जाई आणि परत येऊन खोक्यांच्या कडा चिकटवत बसे. माल पोहोचवायला ताईचा नवरा टेम्पो चालवी. ताई सगळ्यांची ताई, म्हणून तो आपोआप सगळ्यांचा दाजी झाला होता. त्याच्याहून वयाने मोठे लोकही त्याला दाजी म्हणत आणि तो दर वेळी वैतागे.

ते माझे चांगले दिवस होते. पण चांगले दिवस चालू असताना ते चांगले आहेत हे लोखंडालाही कळत नाही.

मग शहराबाहेरच्या हमरस्त्यावर मोठमोठी दुकाने उघडली. छतापर्यंत बूट रचलेले, गाडी लावायला जागा, आणि भाव गल्लीपेक्षा उतरते. काकांचा मुलगा हुशार होता. त्याने पाहिले की या गल्लीत ट्रक शिरत नाही. चामडे नाक्यावर उतरवून हातगाडीने आणावे लागते. वर चार यंत्रे वाढवायची तर जिनाच आड येतो. त्याने हमरस्त्याजवळ कारखाना बांधायला घेतला. काकांना ते मनातून नको होते, पण मुलापुढे त्यांनी मान तुकवली. मग एके दिवशी मुलगा आमच्या खोलीत आला.

“ताई, आमच्या कारखान्याला लागून शेड बांधून देतो. भाडं नको. आमची सगळी खोकी तूच करायची.”

“आणि मामांची?” ताईने विचारले.

“ती मात्र सोडावी लागतील.” तो जरा अवघडला. “आमचं नवं डिझाइन समोरच्याला आधी कळलं तर कसं चालेल?”

“इतकी वर्षं कळलं का?”

“नाही कळलं. पण आता धंदा मोठा होतोय, ताई. नुसत्या विश्वासावर नाही ठेवता येत सगळं.”

त्या आठवड्यात ताईचे माझ्याकडे लक्ष नव्हते. दाजी खूश होता. दारोदार टेम्पो उभा करण्यापेक्षा एकाच दारात माल टाकायचा, याहून सुख ते काय? ताईलाही मोकळी जागा दिसत होती, वाढणारे काम दिसत होते, दोन मुलांच्या शाळा दिसत होत्या. फक्त मामांना तोंडावर सांगायचे कसे, एवढाच प्रश्न होता.

मामांनीच तो सोडवला. खोकी न्यायला ते स्वतः आले आणि पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसले.

“जाणार म्हणे तू.”

ताईने माझे चाक फिरवणारा पट्टा सोडला. मी थांबले. “हो, मामा. तुम्हाला आज सांगणारच होते.”

मामांनी एक खोके उचलले. त्याचे झाकण उघडले, लावले, पुन्हा उघडले. “जा. तुझ्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. फक्त दुसरा माणूस मिळेपर्यंत पुरतील एवढी खोकी करून दे. दुकान तर उघडं ठेवायला हवं.”

ताईने ती करून दिली. शेवटचा गठ्ठा मावशीने बांधला. ती नव्या जागी येणार नव्हती. एवढ्या लांबून दुपारी नातवाकडे कशी जाणार? तिने खळीचे पातेले घासून पालथे घातले आणि पदराला हात पुसले.

नवी शेड छान होती. खाली गुळगुळीत सिमेंट, वर भरपूर उजेड, दारापर्यंत ट्रक. पहिली काही वर्षे मी जीव तोडून काम केले. पाहुणे आले की काकांचा मुलगा त्यांना माझ्यासमोर उभे करी. “हे आमचं खोक्यांचं यंत्र,” असे तो म्हणे. ‘आमचं’ म्हटल्यावर ताई किंचित हसे.

मग खरेदी पाहणारा एक माणूस नेमला गेला. तो सभ्य होता, खुर्चीवरून उठून नमस्कार करी, आणि दर वर्षी भाव थोडा खाली आणा म्हणे. ताईने आधी आणला. पुढच्या वर्षी पुन्हा आणला. मग शेजारच्या शेडमध्ये दुसरा एक खोकेवाला नवे कोरे यंत्र घेऊन आला. त्यालाही कारखान्यानेच बोलावले होते. आता खरेदीवाला म्हणू लागला, “शेजारचा भाव बघा, ताई.”

एकदा ताईने ठरवून टाकले की आज नाही म्हणायचे. ती ऑफिसात गेली आणि होकार देऊन परत आली. दाजीने विचारल्यावर म्हणाली, “नाही म्हणून जायचं कुठं? गल्लीत होते तेव्हा काकांचं पटलं नाही तर मामा होते, मामांचं पटलं नाही तर काका. इथं सगळी वाट या एकाच दारातून जाते.”

ती मग काकांच्या मुलालाच भेटली. तो खोटे बोलला नाही. “ताई, मलाही मोठ्या दुकानांची साखळी असंच दाबते. माझा जवळजवळ सगळा माल तेच घेतात. ते म्हणतील तो भाव. तुझ्यावर येतं ते माझ्यावरूनच घरंगळत आलेलं असतं.”

मला त्याचा राग आला नाही. माणूस वाईट नव्हता, चिमट्यात सापडला होता. पण चिमट्यात सापडलेला माणूस दुसऱ्याला सोडत नाही, हेही मी तिथेच पाहिले. पुढे त्याने एका टोकाला पुठ्ठा घातला की दुसऱ्या टोकाला तयार खोके देणारे मोठे यंत्र आणले. ताईला त्याने हात जोडून सांगितले. शेजारच्या नव्या यंत्रवाल्यालाही सांगितले. त्याचे तर यंत्र अजून चकाकत होते.

माझ्यावर ताडपत्री पडली. मित्रांनो, काम करून झिजणे मला ठाऊक होते. बसून झिजणे त्याहून वाईट असते. पात्यांवर गंज चढला. तेलाच्या वाट्यांमध्ये धूळ बसून तिचा चिखल झाला. दाजी दुसऱ्यांचा माल वाहू लागला. एकदा भंगारवाला येऊन माझ्या अंगावर टिचक्या मारून गेला. “वजन चांगलं आहे,” म्हणाला. ताईने त्याला चहा पाजला आणि रिकामा पाठवला.

दुसऱ्या दिवशी ती बसने गल्लीत गेली. पुढचे मी पाहिलेले नाही. परत आल्यावर माझ्या शेजारी पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसून तिने दाजीला जे सांगितले, ते ऐकलेले आहे.

गल्लीतली निम्मी दारे बंद होती. काकांच्या दुकानाला कुलूप होते. काकांचे काम गेल्यावर सोल्यूशनवाल्याला उरलेल्या गिऱ्हाइकांवर परवडेना, तो उठला. मग बक्कलवाला उठला. तळवे कापणारा जिन्याखाली होता, पण आता तो छत्र्या दुरुस्त करत होता. मामांच्या दुकानाचा वरचा मजला नुसत्या रिकाम्या खोक्यांनी भरला होता, कारण त्यांचा नवा खोकेवाला लांबच्या गावी होता आणि एकदम ट्रकभर माल नाक्यावर टाकून जाई. शिलाई करणाऱ्या बायकांना पाय पसरायला जागा उरली नव्हती.

“समोरचं दुकान बंद झालं तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या होत्या,” मामा ताईला म्हणाले होते. “म्हटलं, आता सगळं गिऱ्हाईक माझं. पण लोक यायचे ते दोन्हीकडे बघायला, भाव करायला, त्याला नावं ठेवून माझ्याकडे आणि मला नावं ठेवून त्याच्याकडे बसायला. एकट्या दुकानासाठी एवढ्या लांब कोण तंगडतोड करतं?”

ताईने धीर करून विचारले होते, “मामा, मी परत आले तर खोकी माझ्याकडून घ्याल?”

मामांनी हिशेबाची वही मिटली. मग म्हणाले, “अर्धी घेईन.”

“अर्धी?”

“तू गेलीस तेव्हा त्या लांबच्या माणसानं मला सावरलं. माझं काम थोडं, तरी घेतलं. आता तू दारात उभी राहिलीस म्हणून त्याला नको म्हणू? वाईट वाटून घेऊ नकोस, पण मला ते जमणार नाही.”

दाजी चिडला. “अर्ध्यावर आपलं काय भागणार?”

“नाहीच भागणार,” ताई म्हणाली. “बाकीचं शोधायचं. आणि मामा बरोबर बोलले. मला वाईट वाटलं, ते ते बरोबर बोलले म्हणूनच.”

मग ताडपत्री निघाली. ताईने आधी तेल ओतले, पण ते चिखलाने बुजलेल्या वाट्यांवरून नुसतेच खाली गळले. मग तिने रॉकेलच्या बोळ्याने माझा गंज पुसला, वाट्यांमधला चिखल काडीने कोरून काढला. गल्लीतली आमची जुनी खोली आता दुसऱ्याकडे होती. तिच्या दोन दारे पुढे, छत अगदी डोक्याला लागेल अशी खोली मिळाली. मावशी आली. नातू आता तिच्याहून उंच झाला होता, त्यामुळे दुपारी कुठे जायचे नव्हते. “डोळे पहिल्यासारखे नाहीत राहिले,” असे ती पहिल्याच दिवशी म्हणाली आणि पहिल्यासारख्याच सरळ कडा चिकटवू लागली.

ताईने या वेळी बुटांच्या खोक्यांवरच सगळा भार टाकला नाही. दिवे बनवणाऱ्याची खोकी घेतली, चष्म्यांची घेतली, एका केकवाल्या बाईची घेतली. कामे लहान लहान. मला दिवसातून कितीदा तरी पात्यांची फळी बदलून घ्यावी लागे. दाजी पुन्हा दारोदार टेम्पो उभा करू लागला आणि पुन्हा कुरकुरू लागला.

मामांनी तर कमालच केली. काकांच्या बंद दुकानासाठी ते स्वतः भाडेकरू शोधत हिंडले. सँडल बनवणाऱ्या एका बाईला त्यांनी गळ घालून आणले आणि आपल्या अगदी समोर बसवले. तिने पहिल्याच आठवड्यात दारावर मामांपेक्षा मोठी पाटी लावली. मामा आमच्याकडे येऊन तावातावाने म्हणाले, “बघितलंत? मीच आणली आणि माझ्याच उरावर बसली!” पण त्यांचा चेहरा किती वर्षांनी उजळलेला मी पाहत होते. महिन्याभरात बक्कलवाल्याचा मुलगा कोपऱ्यावर टपरी टाकायची चौकशी करून गेला.

आता शेवटचा प्रसंग सांगते.

एका सकाळी आमच्या दारात एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला. खांद्यावर पोते, अंगावर पुठ्ठ्याची धूळ. “मी मामांचा दुसरा खोकेवाला,” तो म्हणाला. “माझ्या यंत्राचा दांडा तुटला. नवा ओतून यायला वेळ लागणार. मामांची खोकी तर उद्याच द्यायचीत. तुम्हाला विचारावं की नाही, हाच विचार करत आलोय.”

दाजीने ताईला कोपऱ्यात बोलावले. कोपरा माझ्याच मागे होता. “हीच वेळ आहे,” तो कुजबुजला. “तू काही वाईट करायचं नाहीस. नुसतं म्हण, हातात काम आहे. मामांची उरलेली अर्धी आपोआप आपल्याकडे येतील.”

ताईने माझ्या चाकावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. खरे सांगते, ती काय करील ते मलाही कळत नव्हते. उरलेल्या अर्ध्या खोक्यांची तिला किती गरज होती, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होते.

मग ती त्या माणसाकडे वळली. “पोत्यात काय आहे? पात्यांची फळी आणलीत का?”

त्याने आणली होती. ताईने दिवेवाल्याची फळी काढून त्याची बसवली. दिवसभर मी त्याची खोकी कापली, मावशीने चिकटवली, आणि दाजीने तोंड फुगवून का होईना, मामांच्या दारात नेऊन टाकली. ती त्याच्याच नावाने गेली.

निघताना तो माणूस घुटमळला. “ताई, एक विचारू? मी तुमच्या वाटेतला माणूस. मला बुडू दिलं असतं तर तुमचाच फायदा होता.”

ताई कातरण गोळा करत होती. तिने मान वर केली.

“तुम्ही बुडालात तर मामांना माझ्याशिवाय कुणी उरणार नाही,” ती म्हणाली. “मग मी भाव वाढवीन. पहिल्यांदा थोडी लाज वाटेल, दुसऱ्यांदा तीही वाटणार नाही. मला माझा भरवसा नाही हो. तुम्ही समोर असलेले बरे.”

तो माणूस हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले, तेलाची बुधली मागून घेतली आणि माझ्या एकेका सांध्यात निगुतीने तेल घातले. तेलावाचून आपले यंत्र कसे मोडले, हे त्याला बहुधा तेव्हा आठवत असावे.

मित्रांनो, मी आता फार वर्षे चालेन असे नाही. दांडा कधीतरी माझाही तुटेल. पण तुम्ही मोठे व्हाल, काही विकाल, काही घ्याल, कुणाच्या पुढे धावाल. खुशाल धावा, मला धावणाऱ्यांचे कौतुकच आहे. फक्त जो तुम्हाला माल देतो, जो तुमच्याकडून घेतो आणि जो समोर बसून तुमच्याशी झुंजतो, त्या तिघांचीही सगळे सुरळीत चालू असतानाच विचारपूस करीत जा. बंद पडल्यावर ओतलेले तेल नुसतेच खाली गळते. मी ते गळताना पाहिले आहे.